इंच मॅडमची वेणी

केप कोस्टच्या टेकडीवरच्या मुलींच्या निवासी शाळेत एकतीस वर्षं वसतिगृह सांभाळून मिस अराबा एसिल्फी निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ, खांद्यावर टाकायला केंटे या रंगीत विणलेल्या कापडाचा पट्टा आणि सात भाषणं मिळाली. सातही भाषणांत 'शिस्त' हा शब्द आला. एका वक्त्याने तो इतक्या वेळा उच्चारला, की मागच्या रांगेतल्या मुलींनी बोटांवर मोजायचं सोडून शेजारणीची बोटं उसनी घेतली.

मुली मॅडमना पाठीमागे 'इंच मॅडम' म्हणत. पुढून म्हणायची छाती अजून कुणाची झालेली नव्हती. शाळेचा नियम साधा होता: शिकायला आलेल्या मुलीच्या डोक्यावर इंचापेक्षा जास्त केस असता कामा नयेत. जास्त केस म्हणजे जास्त आरसा, जास्त आरसा म्हणजे कमी गणित. हा हिशेब कुणी मांडला होता ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तो चुकीचा आहे असं म्हणण्याइतकं गणितही कुणाचं चांगलं नव्हतं. दर शनिवारी सकाळी सात वाजता मुली व्हरांड्यात हात मागे बांधून उभ्या राहत, आणि मॅडम डोक्यामागून डोकं फूटपट्टी टेकवत जात. इंचाच्या रेघेच्या वर केसांचं टोक दिसलं, की हातातल्या पर्समधून कात्री निघे. त्या पर्समध्ये बायबल, पेपरमिंटच्या गोळ्या, फूटपट्टी आणि कात्री एवढ्याच वस्तू असत. पर्स उघडताना आतून नक्की काय निघणार आहे, हा प्रश्न तीन पिढ्यांच्या मुलींनी श्वास रोखून सोडवला होता.

मॅडम अन्यायी मात्र नव्हत्या. जी मुलगी शनिवारी पहाटेच डोक्यावरून न्हाऊन, केसांतून पाणी निथळत रांगेत उभी राही, तिचं त्या तोंडभरून कौतुक करत. "बघा! थंडीवाऱ्याचीही पर्वा नाही. याला म्हणतात स्वच्छता." पिवळ्या वसतिगृहाच्या मुली तर झाडून साऱ्या ओल्या डोक्याने येत. त्यांना स्वच्छतेची ढाल लागोपाठ अकरा वर्षं मिळाली.

नियम सांगणाऱ्याने तो आधी स्वतः पाळावा, असं मॅडमचं मत होतं. त्यामुळे त्यांचंही डोकं कायम बारीक कापलेलं. ते पहिल्यांदा कापलं गेलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. शाळेत नाव घातल्याच्या आदल्या दिवशी आईने, एसीने, त्यांना उंबऱ्यावर बसवलं, काळ्या दोऱ्याने गुंडाळलेल्या बारा वेण्या एकेक करून सोडवल्या आणि सगळे केस उतरवले. छोट्या अराबाने असा काही टाहो फोडला, की समुद्रावरून जाळी घेऊन येणारे कोळी थांबून बघायला लागले.

"गप. शाळा सुटली की परत घालून देईन," आई म्हणाली.

आता यात आईची चूक नव्हती. पोरगी शिकेल, शिक्षिका होईल, आणि शाळा तिला सुटता सुटणार नाही, हे तिला कुठून कळणार? प्राथमिक शाळा संपली की माध्यमिक, मग अध्यापक विद्यालय, मग नोकरी. अशी चोपन्न वर्षं शाळा काही सुटलीच नाही. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी मॅडम घड्याळ आणि पट्टा घेऊन घरी आल्या. घर शाळेच्या फाटकाच्या अगदी खाली, उताराला. दारातल्या स्टुलावर त्र्याऐंशी वर्षांच्या एसी आजी बसल्या होत्या. फाटकाशी चाळीस वर्षं केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकून त्यांचे गुडघे गेले होते, डोळ्यांपुढे धुकं होतं, आणि बोटं आता सकाळी तासभर चोळल्याशिवाय वळत नव्हती.

"सुटली का शाळा?" आजींनी विचारलं.

"सुटली."

"मग वाढव केस. माझी बोटं काही तुझी वाट बघत थांबायची नाहीत."

झालं. मॅडमनी केस वाढवायला घेतले. आयुष्यात प्रत्येक काम जसं केलं तसंच हेही करायचं, म्हणजे वहीत. हिरव्या पुठ्ठ्याची वही आली. तीत रकाने पडले: तारीख, लांबी, वर्तणूक, शेरा. पहिल्या पानावर उद्दिष्ट लिहिलं: 'चार इंच. त्याआधी वेणी नाही.' महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वच्छ न्हायचं, म्हणजे माप स्वच्छ येतं. मग आरशासमोर उभं राहून डोक्यावर फूटपट्टी टेकवायची.

पहिले पाच महिने केसांनी आदर्श विद्यार्थिनीसारखं काम केलं. अर्धा इंच, एक, सव्वा, दीड. मग ते दोन इंचांवर आले आणि तिथेच त्यांनी मांडी ठोकली. सहावा महिना, दोन इंच. नववा महिना, दोन इंच. डिसेंबरात उत्तरेकडून हरमॅटानचा कोरडा वारा धूळ घेऊन आला, ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि केस वाळक्या गवतासारखे कडकडू लागले. मॅडमनी ते रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुळापासून टोकापर्यंत कोरडेच विंचरले. तीन कंगव्यांचे दात त्यात कामी आले. वहीत शेरा पडला: 'वर्तणूक असमाधानकारक. पहिली ताकीद.'

गावाला बातमी लागायला वेळ लागला नाही. इंच मॅडम केस वाढवतायत म्हणजे मगरीने उपास धरल्यासारखंच होतं. रविवारी चर्च सुटलं की महिला मंडळाच्या बायका मॅडमभोवती कोंडाळं करत.

"कांद्याचा रस लावा, सिस्टर अराबा. माझ्या भाचीचे केस कमरेपर्यंत आले."

"कांद्याने वास येतो. तांदळाचं आंबवलेलं पाणी लावा."

"त्याने काय वास येत नाही? अंडं लावा अंडं."

"ॲव्होकॅडो. पण पिकलेला हवा."

मॅडमनी बारकाईने पाहिलं. सल्ला देणाऱ्या साऱ्या जणींच्या डोक्यावर विकत घेतलेले टोप होते. त्यांतल्या एका टोपाचा भांग गेल्या रविवारी डावीकडे होता आणि आज उजवीकडे. तरीही, तक्रार आली की चौकशी करायची या जुन्या सवयीने, त्यांनी सगळं करून पाहिलं. महिनाभर त्यांच्या डोक्याला सॅलडचा वास येत होता आणि शेजारची बकरी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. लांबी: दोन इंच. दुसरी ताकीद.

या सगळ्यात केस टिकले ते एसी आजींमुळे. रोज संध्याकाळी त्या लेकीला पायाशी बसवत, शियाच्या बियांचं लोणी तळहातावर वितळवून एकेका बटेच्या टोकाला लावत आणि रेशमी रुमालाने डोकं घट्ट बांधून टाकत. लावता लावता त्यांची बोटं केसांत हरवत.

"वाढलेत गं चांगले. बोटांना कळतं."

"आई, दोन इंच आहेत. मी मोजलेत."

"जरा ओढून बघ की."

"ओढून?" मॅडम मान वळवून बघत. "रबरही ओढलं की लांब होतं. म्हणून काय रबर वाढलं म्हणायचं? एकतीस वर्षांत मी एका पोरीचा केस ओढून मोजला नाही. जसा उभा आहे तसा मोजायचा. पट्टी कधी खोटं बोलते का?"

यावर आजी काहीतरी बोलायला तोंड उघडत, आणि मग खोकत. पट्टीचा विषय निघाला की त्यांना हमखास खोकला यायचा. मॅडमनी त्यासाठी आल्याचा काढा सुरू केला होता.

"बरं, आहेत तेवढ्यांच्या घालते. बस इथं."

"चार इंच झाल्याशिवाय नाही. वहीत लिहिलंय."

एप्रिल उजाडला. वीस महिने झाले. पहिल्या तारखेला मॅडम न्हाल्या, पट्टी लावली. दोन इंच आणि एक दोऱ्याएवढं. त्याच सकाळी आजींच्या हातून पेजेचा वाडगा सुटला. बोटं वळलीच नाहीत. आजी हसल्या, "वाडगाच म्हातारा झालाय," म्हणाल्या, पण हात अंगावरच्या कापडाखाली लपवला. मॅडमनी वाडग्याचे तुकडे गोळा केले, आत गेल्या आणि वही उघडून बसल्या. या गतीने चार इंच व्हायला अजून कित्येक वर्षं लागणार होती. आईच्या बोटांकडे तेवढा अवधी नव्हता. वर्गात तोंडावर हात ठेवून रडणाऱ्या मुलींना त्या म्हणत, जे जमायचं नाही त्याची आशा धरू नये, त्याने अभ्यास बुडतो. त्यांनी शेरा लिहिला: 'तिसरी ताकीद. नाव कमी करण्यात यावं.'

शेरा अमलात आणायला मात्र त्यांना आठवडा लागला. शुक्रवारी दुपारी त्यांनी पर्स उचलली.

"कुठं निघालीस?"

"केस कापायला."

आजी स्टुलावर ताठ झाल्या. "एकुवाकडे जा."

"कुणाकडेही गेलं तरी..."

"एकुवाकडेच जा. दुसऱ्या कुणाच्या हाताला तुझं डोकं लागलं तर मी जेवणार नाही."

एकुवा क्वानसाचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. पाटीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं: 'देवाची वेळच खरी – केशरचना.' एकुवा अडतीस वर्षांची, दणकट, बोलायला फटकळ. औषधं लावून केस सरळ करण्याच्या भानगडीत न पडता आहेत तसे केस सांभाळणारी म्हणून तिच्याकडे रांग लागायची. शिवाय ती पिवळ्या वसतिगृहाची.

मॅडम दारात उभ्या राहिल्या आणि दुकानातला आवाज बंद पडला. एकुवाने हातातला कंगवा पाठीमागे धरला. भिंतीशी वाळवणीच्या यंत्राखाली डोकं घालून बसलेली बँकेची मॅनेजरीणबाई, चाळिशीची, दोन मुलांची आई, सटकन उभी राहिली. यंत्राचं टोपरं डोक्यावर आपटलं, पण तिने हात मागेच बांधलेले ठेवले.

"बसा," मॅडम म्हणाल्या. सगळ्या बसल्या.

"मॅडम, या ना, बसा," एकुवा म्हणाली.

"बसायला आले नाही. हे कापून टाक. ही कात्री घे, तुझीला धार नसेल."

एकुवाने ती कात्री पाहिली. तिची आणि त्या कात्रीची जुनी ओळख होती. तिने मॅडमना खुर्चीत बसवलं, रुमाल सोडला आणि बोटं केसांत घातली. मग ती थांबली. बोटं आणखी आत गेली.

"मॅडम, हे कापायचे?"

"वीस महिन्यांत दोन इंच. शिकायचीच इच्छा नाही त्यांची."

एकुवाने कपाळाजवळची एक बट वेगळी केली, लोणी लावलं, मुळापासून काळा दोरा गुंडाळत गुंडाळत टोकापर्यंत नेला, आणि बट खाली सोडली. ती भुवईवरून, गालावरून उतरत मॅडमच्या हनुवटीच्याही खाली येऊन टेकली. मॅडमनी तिच्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिलं, पर्समधून फूटपट्टी काढली आणि लावली. साडेनऊ.

"ओढलेस तू," त्या म्हणाल्या. "ओढलेलं माप नियमात बसत नाही."

"मग आमची मापं तरी कुठं बसत होती, मॅडम!"

बोलून गेली आणि एकुवाने जीभ चावली. बँकेच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे?"

"काही नाही, मॅडम."

"एकुवा क्वानसा. उभी राहा."

एकुवा उभीच होती, तरी आणखी थोडी उभी राहिली. "मॅडम, केस कोरडे असले की फुलून उभे राहतात. पाणी लागलं की आक्रसतात. पार डोक्याला चिकटतात. म्हणून... शनिवारी पहाटे... आम्ही बादलीत डोकं बुडवायचो."

"सगळ्या?"

"पिवळ्या वसतिगृहातल्या सगळ्या. निळ्यातल्यांना उशिरा कळलं."

"तुझे किती होते?"

"तीन इंच, मॅडम."

"माझे चार," बँकेच्या बाई टोपऱ्याखालून म्हणाल्या. आता लपवून काय उपयोग, असा त्यांचा सूर होता. "मी वसतिगृहप्रमुख होते. स्वच्छतेची ढाल तुम्ही माझ्याच हातात दिलीत, मॅडम. म्हणालात, सगळ्यांनी हिचा आदर्श ठेवा. सगळ्यांनी ठेवला."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मॅडम आरशात स्वतःकडे बघत होत्या. अकरा वर्षं. अकरा ढाली. आणि गेले वीस महिने दर पहिल्या तारखेला, स्वच्छ मापासाठी, स्वतःच्या हाताने डोक्यावर पाणी ओतून...

"मी न्हाऊन मोजत होते," त्या हळूच म्हणाल्या.

काही गोष्टींवर हसायला मॅडम बाहेर जाईपर्यंत थांबावं लागतं.

"तुम्हाला ही अक्कल शिकवली कुणी?"

एकुवाने छताकडे पाहिलं. बँकेच्या बाईंनी फरशीकडे. चुगली करायची नाही, हा वसतिगृहाचा एकच नियम असा होता, जो कुणी कधी मोडला नव्हता.

"फाटकाशी केंके घ्यायला जायचो, मॅडम," एकुवा कशीबशी म्हणाली. "तिथं हात धुवायला बादली असायची..."

मॅडमनी कात्री उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सचं बटण खटकन लावलं.

"कोणत्या रंगाची?"

"निळी, मॅडम."

निळी बादली आज सकाळी त्यांनीच विसळून न्हाणीत पालथी घातली होती.

एकुवाने त्यांचे केस धुतले, ते अशा हाताने की मॅडमना तीन कंगव्यांची लाज वाटली. "कोरडे विंचरायचे नाहीत, मॅडम. ओले असताना, लोणी लावून, बोटांनी. आणि सुरुवात टोकाकडून, मुळाकडून नाही. जेवढे वाढतील तेवढे जास्त गुंततात. मग सगळे एकदम धरायचे नाहीत, चार-सहा भाग करायचे आणि एकेकाला वेळ द्यायचा."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"पुन्हा तेच विचारताय, मॅडम."

दोरा गुंडाळायला मात्र तिने नकार दिला. "दुपारीच आजींचा फोन आला होता. म्हणाल्या, कापू नकोस, आणि वेण्याही घालू नकोस. धुऊन परत पाठव."

मॅडम घरी पोचल्या तेव्हा आजी स्टुलावरच होत्या, चेहरा समुद्राकडे.

"आई."

"हं."

"निळी बादली."

"कुठली? ती तर कधीच फुटली."

"न्हाणीत आहे."

आजींना खोकला आला. मॅडम काढा आणायला गेल्या नाहीत. खोकला आपोआप थांबला.

"पोरी रडत यायच्या माझ्या टोपल्याशी," आजी म्हणाल्या. "रडणारी पोर केंके खाईना. मिरचीची चटणी डोळ्यातल्या पाण्याने पातळ व्हायची. धंदा करायचा कसा माणसानं?"

"म्हणून माझ्या पोरींना फसवायला शिकवलंस? मी तुझी मुलगी असून?"

"तू माझी मुलगी म्हणूनच. एक पोर रडवली मी उंबऱ्यावर. तेवढी पुरे झाली होती. मग बघते तर तीच मोठी होऊन आठवड्याला दहा रडवतेय." आजींनी चेहरा समुद्राकडून लेकीकडे वळवला. "तुला सांगणार होते. पण तू ढाली वाटून इतकी खूश असायचीस."

मॅडमनी आत जाऊन काळ्या दोऱ्याचं रीळ आणलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"आत्ता नाही. सकाळी," आजी म्हणाल्या. "उजेड लागतो मला. बोटंही तेव्हाच चोळून घेईन."

शनिवारी उजाडताच उंबऱ्यावर चटई पडली. मॅडम आईच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसल्या, पाय पुढे पसरून, पंचावन्न वर्षांपूर्वी उठल्या होत्या तशाच. आजींना भांग दिसेना. कंगव्याचं टोक एकदा कानाकडे गेलं, एकदा मानेकडे.

"तुझी ती पट्टी दे इकडं."

पट्टी डोक्यावर आडवी ठेवून आजींनी तिच्या कडेने भांग ओढला. एकतीस वर्षं इतक्या डोक्यांवर उभी राहिलेली ती पट्टी पहिल्यांदाच आडवी झाली. तरीही भांग वाकडाच आला. मॅडमना तो टाळूला जाणवत होता, समुद्रकिनाऱ्यासारखा आत-बाहेर. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

दोरा चढत गेला. एक वेणी, दोन, पाच. बोटं मध्येच थांबत, आजी ती फुंकत, मांडीवर चोळत, पुन्हा सुरू करत. सहाव्या वेणीला मॅडमच्या अर्ध्या डोक्यावर काळ्या काड्या अननसाच्या शेंड्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यावर जंगल माजलं होतं. याच अवस्थेत समोरून फाटकातून एक मुलगी उतारावरच्या दुकानातून केंके घ्यायला धावत खाली आली. चौदा-पंधरा वर्षांची, गणवेशाचं वरचं बटण उघडं. तिने मॅडमना पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. हात आपोआप मागे गेले. तिच्या केसांतून पाणी निथळून कॉलरवर पडत होतं.

मॅडमनी ते पाणी पाहिलं. मुलीने मॅडमचं डोकं पाहिलं. वर शाळेत पावणेसातची घंटा झाली.

"नाव काय तुझं?"

"अबा, मॅडम."

"अबा, कानामागे कोरडं राहिलंय. तिथून फुलतात. नवीन मॅडमची नजर तिकडेच जाते." मग त्यांनी जरा विचार केला. "बादली आत आहे. निळी. पटकन."

मुलगी डोळे विस्फारून आत पळाली. मॅडम ती पाणी कुठे सांडते का ते बघायला मागे वळल्या, आणि टाळूवर फूटपट्टीची सणसणीत बसली.

"हलू नकोस म्हटलं ना!" एसी आजी म्हणाल्या. "अजून सहा राहिल्यात."